इंजिन दुसरं, वायरिंग जुनंच : जीप सुरू का होत नाही?

प्रश्न : आमच्याकडे १९८९ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे, फोर-व्हील. आजोबांनी घेतलेली. शेत अकोले तालुक्यात, डोंगराच्या कडेला. पावसाळ्यात शेवटच्या चढाला दुसरी कुठलीच गाडी जात नाही, त्यामुळे जीप विकायचा प्रश्न नाही. गेल्या वर्षी मूळच्या इंजिनाचं मोठं काम निघालं, म्हणून भंगारात गेलेल्या जुन्या बोलेरोचं २४९८ सीसीचं प्यूजो इंजिन आणून बसवलं. चालायला गाडी उत्तम आहे, ओढ वाढलीय. पण सुरू व्हायला रडवते. थंडीत सकाळी सेल्फ जड फिरतो, पांढरा धूर निघतो आणि इंजिन पकडत नाही. कधी कधी कंटाळून चावी सोडली की नेमकं तेव्हाच पकडतं. दोन दिवस उभी राहिली तर डिझेलचा हातपंप मारावाच लागतो. आणि बाजारातून आल्यावर गरम गाडी बंद केली, की परत लावताना नुसतं 'टक्' वाजतं. पंधरा मिनिटांनी आपोआप लागते. नवी बॅटरी घातली, सेल्फचं काम दोनदा केलं. आता एक मिस्त्री म्हणतो डिझेलचा पंप खोलावा लागेल, दुसरा म्हणतो इंजिनच दमलेलं आहे, कॉम्प्रेशन (हवा दाबायची ताकद) नाही. (हल्ली ॲक्सिलरेटरची केबलही जड झालीय, वरचं काळं प्लास्टिक फुगलंय. ती बदलायचीच आहे.) पंप खोलू का?
– एक शेतकरी वाचक, अकोले, जि. अहिल्यानगर

उत्तर :

पंप खोलू नका. इंजिनालाही हात लावू नका. तुम्ही पत्रात शेवटी, कंसात, जाता जाता एक गोष्ट लिहिलीत. ॲक्सिलरेटरची केबल जड झालीय आणि वरचं प्लास्टिक फुगलंय. मला सगळ्या पत्रात तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

ही केबल आधी नीट बघा. प्लास्टिक फक्त सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळच फुगलं असेल तर ती तिथल्या उष्णतेने भाजली आहे, तेवढ्यापुरती बाजूला घेऊन बांधा. पण फुगवटे केबलच्या लांबीभर असतील, पेडलच्या बाजूलासुद्धा असतील, तर ती बाहेरून तापलेली नाही, आतून तापली आहे. आतून तापायला तिच्यातून करंट जायला हवा. ॲक्सिलरेटरच्या केबलमधून करंट जायचं काहीच कारण नाही, एक सोडून : सेल्फचा करंट बॅटरीकडे परत जायला वाट शोधतोय आणि त्याला धड वाट कुणी ठेवलेलीच नाही.

बॅटरीच्या प्लसपासून जाड केबल सेल्फला येते, ती सगळ्यांना दिसते. करंट सेल्फमधून इंजिनाच्या ब्लॉकमध्ये उतरतो आणि तिथून त्याला बॅटरीच्या मायनसला परत जायचं असतं. मायनस बांधलेला असतो चासीला. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये मात्र रबरी माउंटिंग असतात, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी किंवा जाड केबल असते. इंजिन उतरवताना ती सोडतात. दुसरं इंजिन चढवताना तिचं भोक जुळत नाही, किंवा तिचं टोक इतकं गंजलेलं असतं की बोल्ट फिरवताच तुटतं, आणि मग ती राहून जाते. किंवा ताज्या रंगावरच बोल्ट आवळला जातो. इंजिन बसवणं हे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातले मिस्त्री फार सफाईने करतात, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण वायरिंगची पाळी येते सगळ्यांत शेवटी, संध्याकाळ झालेली असते, मालक शेजारी उभा असतो आणि इंजिन एकदा धडधडलं की सगळ्यांनाच काम संपलं असं वाटतं.

पट्टी नसली तरी सेल्फ फिरतो, हाच यातला घोटाळा आहे. करंट मिळेल त्या धातूतून जातो : ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, हॅन्डब्रेकचा दांडा, प्रॉपेलर शाफ्ट. डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना काहीशे अँपिअर ओढतो. ३०० धरू. परतीच्या वाटेत फक्त ०.०१ ओहम अडथळा असला तरी ३०० × ०.०१ म्हणजे ३ व्होल्ट तिथेच जळतात. बॅटरी नवी, सेल्फ दुरुस्त केलेला, पण सेल्फच्या हाताला येतात आठ-नऊ व्होल्ट. त्यात तुमचं आधीचं इंजिन २११२ सीसीचं होतं, आताचं २४९८ चं. सेल्फला पूर्वीपेक्षा जवळपास अठरा टक्के मोठं इंजिन फिरवायचं आहे.

या परतीच्या वाटेलाच अर्थिंग म्हणतात. मिस्त्री म्हणाला असेल, 'अर्थिंग तपासलं, मीटर बीप देतो.' तो खोटं बोलत नाही. पण साधा मल्टिमीटर ०.०१ ओहम दाखवू शकत नाही, त्याला ते शून्यच दिसतं. आणि जाड केबलमधली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. अर्थिंग ओहमवर तपासायचंच नाही. सेल्फ फिरत असताना व्होल्टवर तपासायचं.

यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो आणि घरातलं एक माणूस चावी फिरवायला हवं. सकाळी, गाडी थंड असताना करा. गिअर न्यूट्रलला, ट्रान्सफर केसचा (फोर-व्हीलचा) दांडाही बघून घ्या, हॅन्डब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. इंजिन मध्येच सुरू होऊ नये म्हणून पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेलची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढा आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा.

पहिलं माप बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर. खुंटावर म्हणजे मधल्या शिशाच्या गोळ्यावर, वरच्या क्लॅम्पवर नाही. गाडी रात्रभर उभी असेल तर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. १२.२ असेल तर बॅटरी अर्धीच भरलेली आहे, आधी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवतील. आता सेल्फ चार-पाच सेकंद फिरवायला सांगा आणि आकडा बघा. साधारण दहाच्या वर राहिला तर बॅटरी ठीक. साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ नको इतका करंट ओढतोय.

दुसरं माप खरं. मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनस खुंटावर, लाल वायर इंजिनाच्या ब्लॉकवर. ब्लॉकवर रंग, तेल, माती काही नको, एक बोल्टचं डोकं घासून चकचकीत करा आणि तिथे टोक दाबून धरा. सेल्फ फिरवा. मीटर ०.२, फार तर ०.३ दाखवायला हवा. तिथे एक, दीड, दोन व्होल्ट दिसले तर तुमचा चोर सापडला. आणखी बारीक बघायचं असेल तर लाल टोक चासीवर ठेवून परत माप घ्या. बॅटरी ते चासी चांगलं आणि बॅटरी ते ब्लॉक खराब, तर पट्टी नाही. दोन्ही खराब, तर बॅटरीच्या मायनस केबलचं चासीवरचं टोक गंजलं आहे. आणखी एकदा लाल टोक सेल्फच्या बॉडीवर ठेवा. ब्लॉकवर आकडा चांगला आणि सेल्फच्या बॉडीवर खराब आला, तर सेल्फ जिथे बोल्टने बसतो त्या तोंडावर रंग किंवा गंज आहे. सेल्फचा अर्थ त्या तोंडातूनच जातो, हे दुरुस्ती करणारे कधी कधी विसरतात आणि सेल्फ रंगवून देतात.

तिसरं माप प्लसच्या बाजूचं : लाल वायर बॅटरीच्या प्लस खुंटावर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर. फिरताना अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर केबल बारीक आहे, नाहीतर तिचं टोक हातोडीने ठोकून बसवलेलं आहे.

मीटर नसेल, धीर नसेल, तर एकच गोष्ट करा. जंपर केबलची एक वायर घ्या, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा थेट इंजिनाच्या घासलेल्या धातूला. स्टॉप सोलेनॉइडची वायर परत जोडा आणि नेहमीसारखी गाडी लावा. सेल्फचा आवाज बदलला, घुं-घुं जाऊन भराभर फिरायला लागला, तर अर्धी लढाई त्याच जागी जिंकलात.

दुरुस्ती स्वस्त आहे, पण ती नीट करा. बॅटरीच्या मायनसपासून सरळ गिअरबॉक्सच्या किंवा सेल्फजवळच्या एखाद्या मोठ्या बोल्टला ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाका. वेल्डिंगची केबल चालते, लवचीक असते. दोन्ही टोकांना लग (बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) दाबयंत्राने दाबून घ्या. इंजिनापासून चासीला दुसरी पट्टी आणि चासीपासून बॉडीला तिसरी. प्रत्येक जागी रंग खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन फासा. तुमच्याकडे पाऊस आणि चिखल दोन्ही भरपूर, उघडा सांधा दोन पावसाळ्यांत गंजतो. हे झाल्यावरच ॲक्सिलरेटरची नवी केबल घाला. आधी घातलीत तर नवीही तशीच भाजेल. आणि बदलणं लांबणीवर टाकू नका. तापलेल्या केबलची आतली तार नरम पडते, अस्तर वितळून चिकटतं आणि पेडल दाबलेलं तिथेच अडकू शकतं. घाटात ते परवडणारं नाही.

आता पांढऱ्या धुराकडे येतो, कारण पंप खोलायचा सल्ला त्यावरूनच आला असणार. थंड इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. याचा सरळ अर्थ असा की डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय. जे इंजिन पांढरा धूर ओकतंय त्याच्या पंपावर पहिला संशय घेणं मला पटत नाही. कमी पडतेय ती उष्णता. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. सेल्फ रेंगाळत फिरला की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो आणि तिची उष्णता गार भिंती शोषून घेतात. म्हणून जड फिरणारा सेल्फ आणि पांढरा धूर ही दोन दुखणी नाहीत, बहुतेक एकच आहे.

तुमच्या इंजिनाची जातही लक्षात घ्या. जीपचं मूळ इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९० : चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी), म्हणून ते नाव. आताचं एक्सडी३पी, त्याच घराण्यातलं, ९४ बोअर आणि ९० स्ट्रोकचं (स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव). प्यूजोच्या परवान्याने महिंद्राने ही इंजिनं इथेच, आपल्या इगतपुरीत बनवली. तुमच्या शेतापासून फार लांब नाही ते. दोन्हीत डिझेल सरळ पिस्टनवर न उडता हेडमधल्या छोट्या कोठडीत उडतं. अशी इंजिनं चालताना मऊ आणि कमी खडखडणारी, पण त्या कोठडीच्या भिंती हवेची उष्णता खातात. त्यामुळे थंडीत त्यांना हीटर प्लग, म्हणजे ती कोठडी तापवणारी विजेची कांडी, लागतोच. डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन हीटरशिवाय लागतं म्हणून हेही लागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

हीटर कसा तपासायचा? चारही प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर मीटरची लाल वायर ठेवा, काळी ब्लॉकवर, आणि हीटर चालू करा. बॅटरीपेक्षा एखाद व्होल्ट कमी चालेल. आठ-नऊच येत असतील तर वाट खराब आहे. चार प्लग मिळून सुरुवातीला पन्नासेक अँपिअर सहज ओढतात. ३५ वर्षं जुन्या डॅशच्या स्विचमधून आणि त्याच्या बारीक वायरीतून एवढा करंट न्यायचा म्हणजे वायर तापणार आणि प्लग कोमट राहणार. त्याला रिले हवा, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर रिलेला, रिलेपासून पट्टीला, आणि जुन्या स्विचचं काम फक्त रिले ओढायचं. मग पट्टी सोडवून एकेक प्लग ओहमवर मोजा. एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी आला तर जिवंत, काहीच दाखवलं नाही तर मेला. चारांतला एक मेलेला असेल तर थंडीत गाडी लंगडत लागते. दोन मेले तर तुमच्यासारखी परिस्थिती होते. भंगारातून आलेल्या इंजिनात दोन मेलेले असणं अगदी शक्य आहे, ते इंजिन तिथे किती काळ पावसात पडून होतं कोण जाणे. बदलाल तेव्हा चारही एकाच बनावटीचे घ्या.

चावी सोडली की पकडतं, हे तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. त्याचा अर्थ असा की सेल्फ फिरत असताना इंजिनाला काहीतरी मिळत नाही आणि चावी सोडताच ते मिळतं, तोवर इंजिनाची गिरकी संपलेली नसते. हे 'काहीतरी' बहुतेक वेळा पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा करंट असतो. त्याला करंट मिळाला तरच डिझेलची वाट उघडी राहते. बारा व्होल्टचा एक बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा, एक टोक सोलेनॉइडच्या वायरीवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. चावी ऑन केली की बल्ब लागेल. आता सेल्फ फिरवा. बल्ब थोडा मंद झाला तर ठीक. पूर्ण विझला तर वायर चावीच्या चुकीच्या टर्मिनलला आहे. चावीच्या स्विचवर काही टर्मिनल अशी असतात की ती सेल्फच्या वेळी मुद्दाम बंद होतात, रेडिओ-पंख्यासाठी असतात ती. बोलेरोच्या पंपाची वायर जीपच्या जुन्या स्विचला जोडताना 'ऑनला करंट येतो ना' एवढंच बघितलं असणार. तीच परीक्षा हीटरच्या पट्टीलाही द्या. सेल्फ फिरताना हीटर बंद होत असेल तर ऐन गरजेला प्लग गार पडतायत.

बल्ब विझत नाही पण फार मंद होतो, असं असेल तर पुन्हा पहिल्याच दुखण्यावर या. व्होल्टेज इतकं पडतंय की सोलेनॉइड धरत नाही. अर्थ सुधारल्यावर ही चाचणी परत घ्या.

पण एक विसंगती तुम्हालाही दिसली असेल. सोलेनॉइड बंद असेल तर डिझेल जाणार नाही, मग पांढरा धूर कुठून? म्हणूनच मला ते पूर्ण बंद असेल असं वाटत नाही, धरसोड करत असेल. बल्बने ते दोन मिनिटांत कळेल, माझ्या अंदाजावर राहू नका.

दोन दिवस उभी राहिल्यावर हातपंप मारावा लागणं हे मात्र वेगळं दुखणं आहे, त्याचा विजेशी संबंध नाही. डिझेल टाकीकडे परत उतरतंय, म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय. लोक पाइपावर ओल शोधतात आणि कोरडा दिसला की सोडून देतात. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढणारी आहे. तिला बारीक भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. टाकी जुनी, लोखंडी नळ्या जुन्या, आणि नव्या इंजिनाचा पंप जुन्यापेक्षा वेगळ्या जागी, त्यामुळे मध्ये रबरी पाइपाचे तुकडे जोडले असणारच. ते तुकडे डिझेलचे आहेत की पाण्याचे ते आधी बघा. पाण्याचा पाइप डिझेलने फुगतो आणि क्लिप ढिली पडते. टाकी भरलेली असताना त्रास कमी आणि रिकामी व्हायला आली की जास्त, असं होत असेल तर टाकीतल्या उभ्या नळीलाच गंजून भोक आहे.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक पाइप घाला, डिझेलला टिकणारा. गाडी सुरू असताना त्यात बुडबुडे धावताना दिसले तर हवा त्याच्या आधीच कुठेतरी शिरतेय. मग पुढची परीक्षा : स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, कॅन पंपापेक्षा उंच जागी घट्ट बांधा, गरम मॅनिफोल्डपासून लांब. पंपाची ओढ त्या कॅनमधून आणि रिटर्नही (उरलेलं डिझेल परत नेणारा पाइप) त्याच कॅनमध्ये. टाकी, नळ्या, फिल्टर सगळं बाजूला. हवा काढून गाडी एकदा सुरू करा, बंद करा आणि दोन दिवस तशीच ठेवा. तिसऱ्या दिवशी हातपंपाशिवाय लागली तर पंप बहुतेक निर्दोष. पंपवाल्याकडे न जाता वाचणारे पैसे तुमचे. नाही लागली, तर नोझलवरच्या (डिझेल उडवणाऱ्या तोट्यांवरच्या) रिटर्नच्या बारीक विणलेल्या पाइपा बघा. त्या कडक होऊन तडकतात आणि तिथूनही हवा जाते. चारही बदलणं अगदी स्वस्त. पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टांचे तांब्याचे वॉशरही बदला, जुनेच उलटून घालू नका. हे सगळं करूनही डिझेल उतरत असेल तेव्हा पंपाच्या सीलवर संशय घ्यायचा, त्याआधी नाही.

गरम गाडीचं 'टक्'. तांब्याचा अडथळा दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. सेल्फ आणि त्यावरचा, सेल्फला करंट जोडणारा सोलेनॉइड (पंपावरचा नव्हे, हा वेगळा) इंजिनाच्या आणि सायलेन्सरच्या धगीने साठ अंश जास्त तापले तर त्यांच्या गुंडाळ्यांचा अडथळा जवळपास पाव पटीने वाढतो. आधीच व्होल्ट कमी पोचत असतील तर तेवढं निमित्त पुरतं : सोलेनॉइड अर्धवट ओढतो, टक् वाजतं, पुढे काही नाही. गार झाला की पुन्हा जमतं. तुमचा सेल्फ दोनदा दुरुस्त होऊनही उपयोग का झाला नाही याचं उत्तर इथेच आहे. दुकानातल्या टेबलावर तो गार असतो आणि बॅटरीला जाड केबलने जोडलेला असतो, तिथे तो पासच होणार.

अर्थची पट्टी नीट झाल्यावर हे टक् आपोआप जाण्याची बरीच शक्यता आहे. नाही गेलं तर गाडी गरम असताना, टक् वाजत असताना, सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. दहाच्या खाली असतील तर चावीपासून तिथवर येणारी जुनी वायर आणि चावीतले झिजलेले पॉइंट जबाबदार. तिथेही चार पायांचा एक रिले लावा, बॅटरीच्या प्लसवरून. व्होल्ट चांगले असूनही टक्च वाजत असेल तेव्हा मात्र सेल्फ काढा. आतले कार्बन, बुश, आणि सेल्फचं दातचाक फ्लायव्हीलच्या रिंगेत सरळ बसतंय का, हे बघा. चार सिलिंडरचं इंजिन बहुतेक वेळा त्याच दोन जागी थांबतं, त्यामुळे रिंगेचे दात तिथेच झिजतात. मात्र खरखरीचा आवाज येतो असं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी त्यामागे आधी लागणार नाही.

चार्जिंगही एकदा मोजून ठेवा. इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसलं की झालं.

दोन गोष्टी मात्र आजपासून बंद करा, करत असाल तर. थंडीत हवेच्या तोंडाला पेट्रोलचा बोळा किंवा ईथरचा स्प्रे लावून गाडी लावणं. लालभडक हीटर प्लगवर पेट्रोलची वाफ गेली की ती अवेळी पेटते, रिंगा तुटतात, पिस्टनची कड उडते. प्लग निकामी असल्यामुळे आजवर काही झालं नसेल, पण प्लग दुरुस्त झाल्यावर तीच सवय इंजिन संपवेल. दुसरं, बाहेर उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फचे दोन बोल्ट जोडून गाडी लावणं. गिअर पडलेला असला तर जीप अंगावर येते. फोर-व्हीलचा खालचा गिअर असेल तर ती भिंतीलाही थांबत नाही.

इंजिन बदललं आहे तर कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर व्हायला हवी. जुन्या इंजिनाचा नंबर आरसीवर आणि वेगळाच नंबर ब्लॉकवर, अशा स्थितीत फिटनेसला अडचण येते आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. ज्याच्याकडून इंजिन घेतलं त्याचं बिल आणि त्या बोलेरोचे कागद मिळवा आणि आरटीओत जाऊन ही नोंद करून घ्या.

राहिलं कॉम्प्रेशन. इंजिन दमलंय असं सांगणाऱ्या मिस्त्रीचं म्हणणं मी खोडून काढत नाही, पण चालताना ओढ वाढलीय आणि गरम असताना एकदा सेल्फ फिरला की गाडी लागते, हे दोन्ही त्याच्या विरुद्ध जातं. सेल्फ भरभर फिरायला लागला, चारही प्लग तापले, सोलेनॉइडचा बल्ब टिकला, पाइपात बुडबुडे नाहीत, आणि तरीही थंडीत पांढरा धूर येत राहिला, तरच कॉम्प्रेशन मोजून घ्या. हीटर प्लगच्या भोकातून मोजता येतं, हेड काढावं लागत नाही. मोजताना सेल्फ चांगल्या वेगाने फिरायलाच हवा, नाहीतर चांगलं इंजिनही नापास ठरेल. चारही सिलिंडर जवळपास सारखे आले तर इंजिन सोडा आणि पंपाचं टायमिंग (डिझेल उडवायची वेळ) बघायला सांगा. कदाचित इंजिन बसवताना ते एखाद-दुसरा अंश मागे राहिलं असेल. एकच सिलिंडर खूप खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, चारही खाली असतील तर रिंगा.

मीटरवरची तिन्ही मापं आणि हीटरच्या पट्टीवरचे व्होल्ट लिहून पाठवा. आकडे हातात आल्यावर पुढचं सांगणं सोपं जाईल, आणि तोवर कुणालाही पाना लावू देऊ नका.